लेफ्ट हाफच्या बदल्यात सेंटर फॉरवर्ड

मला निवडलं ते मी चांगला खेळतो म्हणून नाही, मी घाबरतो म्हणून. सुभेदारसाहेबांनी हे मला तोंडावरच सांगितलं. कामठीच्या हॉकीच्या मैदानाबाहेर चहाची टपरी होती, तिथं. बशीतल्या चहावर फुंकर मारत म्हणाले, "तुमच्या टीममधी तुझ्यापेक्षा चांगली पोरं हायेत. पन बॉल पुढं गेला की ती पुढंच राहत्यात, टाळ्या ऐकत. तू एकलाच दर वेळेला मागं पळत येतोस. काय हुतंय तुला?"

मी म्हटलं, "भेव वाटते जी. मागून कोणी गोल करून जाईन असं वाटते."

ते हसले नाहीत. बशी खाली ठेवली. "मंग ठीक. मला भेकड लेफ्ट हाफ पाहिजे. शूर लई हायेत माझ्याकडं." लेफ्ट हाफ म्हणजे डावीकडचा, मधल्या फळीतला.

फौजेतून निवृत्त होऊन ते नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात राखणदारीच्या खात्याचे मुख्य झाले होते. कामठीच्या छावणीत त्यांचा कोणी जुना सोबती होता, त्याला भेटायला आले आणि आमची मॅच बघत बसले. मी तेव्हा विशीच्या अलीकडे-पलीकडे. सातवीनंतर शाळा सुटली होती. वडील हातमागावर लुगडी विणायचे, पण माग दिवसेंदिवस बंदच जास्त असायचा. घरात शिकणारी आता एकटी धाकटी बहीण उरली होती आणि तिचं शिक्षण सुटू नये एवढंच आमच्या घरानं धरून ठेवलं होतं. मी मिळेल ते काम करायचो आणि संध्याकाळी हॉकी खेळायचो. हॉकीनं पोट भरतं असं मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

"सीझनला ये," सुभेदारसाहेब म्हणाले. "साखरेच्या गोदामात पोती शिवायची. चार वाजता सुट्टी, मंग मैदान."

सीझन म्हणजे गाळपाचा हंगाम. दिवाळीच्या आगेमागे कारखान्याचा भोंगा वाजतो तो उन्हाळा लागेपर्यंत. मग कायम कामगार तेवढे राहतात, आणि सीझनवाले घरी जातात, पुढच्या वर्षी बोलावणं येईल या आशेवर. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त 'हो जी' म्हटलं.

मनमाडला गाडी बदलून मी आलो. स्टिक आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळली होती. डब्यातल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "वडलांसाठी काठी घेतली का?" मी हो म्हटलं. हॉकी म्हणजे काय हे समजावत बसण्याइतका धीर नव्हता माझ्यात. बसमधून उतरलो तर कारखान्याचा तो वास आला, गोड आणि आंबूस, ओल्या चिपाडांचा आणि धुराचा. पहिले काही दिवस त्या वासानं मला मळमळायचं. पुढं सुट्टीत घरी गेलो की तोच वास नाही म्हणून झोप लागेना.

माझी बोली ऐकून सगळी मेस हसायची. मेस चालवणाऱ्या बाईंना आम्ही मावशी म्हणायचो. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "वाढू का रं अजून?"

"हाव."

"हाव काय? व्हय म्हन."

"मले नको मग."

"मले!" पंगतीत कोणीतरी ओरडलं, आणि मग भाकरी तोडता तोडता सगळे 'मले, तुले, काऊन' करायला लागले. माझं नाव त्या दिवशीच गेलं. मी 'नागपूर' झालो. मी सांगायचा प्रयत्न केला की कामठी वेगळी, नागपूर वेगळं. मावशी म्हणाल्या, "आमाला दोनी सारखीच लांब."

मला भाकरीची सवय नव्हती, आमच्याकडे भात. मी बोललो नव्हतो, पण मी भाकरीचा कडेचा भाग पाण्याबरोबर गिळतो हे त्या माउलीनं पाहिलं असणार. रविवारी माझ्या ताटात मूठभर भात यायला लागला. तो इतरांच्या ताटात नसायचा. कोणी विचारलं तर त्या म्हणायच्या, "आजारी हाय ते." कितीतरी रविवार मी आजारी होतो.

आता टीम कशी उभी राहिली ते सांगतो, कारण तशी टीम मी पुन्हा पाहिली नाही.

कारखान्याला माणूस नेमता येत होता, खेळाडू नेमता येत नव्हता. हॉकीसाठी म्हणून एकही जागा नव्हती. म्हणजे पुढच्या फळीतला चांगला राइट इन दिसला तर आधी त्याच्यासाठी खातं शोधायचं. बॉयलरवाले घेतात का, वजनकाट्यावर जागा आहे का, निदान बागेत झाडांना पाणी घालायला? खात्याचा मुख्य हो म्हणाला की तो माणूस आपला. एकदा एक उत्तम फुलबॅक वजनकाट्यावर घेतला, तर त्याला आकडे नीट वाचता येईनात. मग त्याला गाड्यांची रांग लावायला उभा केला.

हेरायचं काम सुभेदारसाहेब गेटवर बसून करायचे. उसाच्या बैलगाड्या, ट्रॅक्टर, ट्रक, सगळं त्यांच्यासमोरून आत जायचं. कोण गाडीवरून कसा उतरतो, कोणाचे गुडघे वाकतात, कोण मागं न बघता चाबूक बरोबर लावतो, हे ते बघत. आमचा गोलकीपर त्यांना तिथंच सापडला. जवळच्याच गावचा, शेतकऱ्याचा पोरगा, ऊस उतरवायच्या कामावर होता आणि जत्रेत कुस्त्या खेळायचा. एक भरली गाडी उतारावरून मागं यायला लागली. लोक बाजूला पळाले आणि हा गडी छाती लावून उभा राहिला. गाडी थांबली. सुभेदारसाहेब उठून त्याच्याकडे गेले आणि विचारलं, "हॉकी खेळशील का?"

"काय असतंय ते?"

"बॉल येतो, त्यो आडवायचा."

"बैलापेक्षा मोठा असतोय का?"

अशा रीतीनं पैलवान टीममध्ये आला. पायाला बांधायची पॅडं बाजारातली परवडणारी नव्हती. गाद्या भरणाऱ्याकडून कापूस ठासून, वर गोणपाट शिवून ती केली. गोणपाट मीच शिवलं, पोती शिवायच्या दाभणानं. पैलवान ती बांधून चालला की गादीच चालत आल्यासारखं वाटे. सुरुवातीला तो बॉल अडवायचा आणि मग दोन्ही हातांनी पोटाशी धरून बसायचा. "सोड, सोड!" आम्ही ओरडायचो. "का सोडू? आत्ताच तर धरलाय," तो म्हणायचा.

आणि काही माणसं अदलाबदलीनं आली. जिल्ह्यात कारखाने बरेच, प्रत्येकाला कशाचा ना कशाचा नाद. राहात्याकडच्या एका कारखान्याला कबड्डीचं वेड होतं. आमच्याकडे एक चढाई करणारा गडी होता, चपळ, पण आमची कबड्डीची टीम मोडलेली. त्यांच्याकडे हॉकीची दोन पोरं जास्तीची. दोन्हीकडच्या कामगार अधिकाऱ्यांनी चहा घेतला, आणि एका सकाळी आमचा कबड्डीवाला आपली ट्रंक घेऊन टेम्पोत चढला. तोच टेम्पो दुपारी परत आला तेव्हा त्यात दोन अनोळखी माणसं स्टिका घेऊन बसली होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पण माझं लक्ष टेम्पोच्या त्या रिकाम्या कोपऱ्याकडे होतं, जिथं सकाळी ट्रंक होती. असंही होतं तर, माझ्या मनात आलं. एक दिवस भाकरी खाता खाता माणसाला सांगतात, ऊठ.

या अदलाबदलीला दोन रीती होत्या. एक, फक्त सीझनच्या माणसाची व्हायची. कायम माणसाची नोकरी मध्येच तुटते, म्हणून त्याला कोणी हात लावत नसे. दुसरी रीत सुभेदारसाहेबांची स्वतःची. ज्याला पाठवायचं त्याला ते सगळ्या टीमसमोर, मेसच्या पंगतीत विचारायचे. ऑफिसात बोलावून नाही. म्हणायचे, "मागं कुजबूज नको. ज्याला बोलायचं त्यानं ताटावर बोलावं."

बहात्तरचं साल आलं. पाऊस आला नाही. ऊस जागच्या जागी वाळला, जनावरांना चारा म्हणून तोच कापून घातला. भोंगा उशिरा वाजला, आणि सुरू झाल्या झाल्याच बोलणं निघालं की गाळप लवकर आटोपणार आणि पुढच्या सीझनला मोजक्याच लोकांना बोलावणार. खडी फोडायच्या कामांवर रस्तोरस्ती गर्दी. मावशींच्या भाकरीचं पीठ तांबडं झालं, बाहेरून आलेल्या ज्वारीचं. मी रोज रात्री आडवा पडून एकच विचार करायचो. यंदा घरी पाठवलं आणि पुढं बोलावणं आलं नाही तर? घरचा माग बंदच होता. बहीण त्या वर्षी आठवीत गेली होती, माझ्यापुढं एक पायरी. मी परत गेलो तर पहिल्यांदा तिची शाळा जाणार हे मला ठाऊक होतं. घरचे तसं बोलणार नाहीत, पण होणार तेच.

म्हणून मी जीव तोडून खेळायला लागलो. मला वाटायचं, चांगला खेळलो तर सोडणार नाहीत.

सुभेदारसाहेबांचं लक्ष मात्र दुसरीकडे होतं. त्यांना सेंटर फॉरवर्ड हवा होता. आमची मागची फळी बरी, मधली बरी, पण पुढं जाऊन गोल कोण करणार? राहात्याकडच्या कारखान्यात एक होता. काटकुळा, खांद्यातून जरा वाकलेला माणूस. बॉल त्याच्या स्टिकला दोरीनं बांधल्यासारखा चालायचा. त्याचा विषय निघाला की सुभेदारसाहेब टोपी काढून डोकं खाजवायचे. दोन वर्षं त्यांनी मागणी घातली होती. आणि त्या हिवाळ्यात निरोप आला की बघू, आमचे अधिकारी तुमच्याकडे मॅच बघायला येतील, तुमचं कोण देता ते ठरवू.

मॅच आमची आणि त्यांची, आमच्या मैदानावर. पण मैदान कुठं होतं? मुरमाची धूळ पायाच्या घोट्यापर्यंत. बॉल मारला की धुळीत गायब. पाणी मारायचं म्हटलं तर प्यायला नव्हतं. तेव्हा आमच्यातल्याच कोणाच्या तरी डोक्यात आलं की मळी मारावी. साखर काढून उरलेला तो काळा दाट पाक. कारखान्याच्या आतल्या रस्त्यांवर धूळ बसावी म्हणून सांडलेली मळी टाकायचे, ते आम्ही रोज बघायचो. मग मैदानावर का नको? खड्ड्यात साठलेली मळी टँकरमध्ये भरली, आणि आदल्या संध्याकाळी सगळ्या मैदानावर फिरवली.

काय सांगू, सकाळी मैदान इतकं सुंदर दिसत होतं! काळंभोर, गुळगुळीत, चकाकणारं. धुळीचा कण उडत नव्हता. सुभेदारसाहेब कडेकडेनं फिरून आले, खूश. "असलं मैदान नगरच्या कॅम्पात बी न्हाई," म्हणाले.

दुपारी ऊन चढलं आणि मैदान पाघळलं.

आधी माश्या आल्या. मग मुंगळे आले, वारुळंच्या वारुळं, बहुतेक त्या वर्षी त्यांनाही दुसरीकडे काही मिळत नसावं. पाहुण्यांची टीम ट्रकमधून उतरली, मैदानात पाय टाकला, आणि त्यांच्या कॅप्टनचा कॅनव्हासचा बूट जागेवरच राहिला. पाय पुढं गेला. पैलवान गोलात उभा राहून ओरडला, "या, या! जिलबी खायला या!"

सुभेदारसाहेबांचा चेहरा असा झाला होता की कोणी हसायची हिंमत केली नाही. पण पाहुण्यांचे कामगार अधिकारीच हसत सुटले, आणि म्हणाले, "आलोय तर खेळू."

ती मॅच म्हणजे चिखलातली म्हशींची शर्यत. बॉल सरकेना. जिथं पडेल तिथं चिकटून बसायचा, वर मुंगळे. तो काटकुळा सेंटर फॉरवर्ड, ज्याच्यासाठी सगळा घाट घातला, तो बिचारा स्टिक लावून बॉल पुढं नेऊ बघायचा आणि बॉल मागंच. त्याची सगळी कला जमिनीवरची. माझं मात्र त्या दिवशी काही वेगळंच झालं. दिवसभर पोती शिवून माझं मनगट बॉलच्या खाली शिरायला आणि झटक्यात वर यायला तयार झालेलं होतं. मी स्टिकचं टोक बॉलखाली घालायचो आणि उचलून हवेतून लांब पुढं फेकायचो. स्कूप म्हणतात त्याला. एरवी मी तो क्वचितच करायचो, चुकला तर काय या भीतीनं. त्या दिवशी दुसरा इलाजच नव्हता. बॉल त्यांच्या डोक्यावरून जायचा आणि ते पाय सोडवत बसायचे. आणि मी मागं धावत यायचो, चपक चपक आवाज करत.

गोल कोणाचाच झाला नाही. मॅच संपली तेव्हा पाहुण्यांचे अधिकारी सुभेदारसाहेबांना विचारत होते, ते मी स्वतः ऐकलं, "तो डावीकडचा कोण? सीझनचा आहे ना?"

मला कौतुक वाटलं. हे मुद्दाम लिहितो. बूट हातात घेऊन, पाय खरवडत मी मेसकडे गेलो तेव्हा मी खुशीत होतो.

दुसऱ्या दिवशी पैलवान गोदामात आला. पोत्याच्या थप्पीला टेकून उभा राहिला. तो असा कधी कामाच्या वेळी येत नसे.

"नागपूर, काल लई भारी खेळलास."

"हं."

"जरा कमी खेळायला काय झालं हुतं रं तुला?"

मी दाभण थांबवलं. त्यानं सांगितलं. राहात्याकडचे सेंटर फॉरवर्ड द्यायला तयार होते. त्याच्या बदल्यात त्यांना डावीकडचा पोरगा पाहिजे होता, दुसरा कोणी नको.

तिकडे गेलो तर मी त्यांचा सगळ्यात नवा सीझनवाला. दुष्काळात कमी करायची वेळ आली की पहिला मीच. इथं निदान मावशी होत्या, पैलवान होता, चेहरा ओळखणारं कोणी होतं. आणि वर हेही कळत होतं की आमच्या टीमच्या दृष्टीनं हा सौदा सोन्यासारखा आहे. एक लेफ्ट हाफ देऊन तो सेंटर फॉरवर्ड! मी सुभेदारसाहेबांच्या जागी असतो तर मीही दिलं असतं.

त्या संध्याकाळी पंगतीत सुभेदारसाहेब आले. टोपी काढून मांडीवर ठेवली. ते असे आले की सगळ्यांना कळायचं. मावशी परात घेऊन दारातच थांबल्या.

"राहात्यावाल्यांनी आपला लेफ्ट हाफ मागितलाय," ते म्हणाले. "कोनाच्या बदल्यात ते तुमाला म्हाईत हाय. पोरा, तुला विचारतो. जाशील?"

मला 'नाही' म्हणायचं होतं. पण ज्या माणसानं मला कामठीहून उचलून आणलं, कामाला लावलं, ज्याच्यामुळं माझ्या घरात चूल पेटत होती, त्याला मी नाही कसं म्हणू? दोन वर्षं तो माणूस त्या सेंटर फॉरवर्डसाठी झुरत होता, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं.

"तुम्ही म्हणाल तसं जी," मी म्हटलं.

मग मावशी दारातूनच बोलल्या. "सुभेदार, त्याला काय इचारता? त्ये कवा न्हाई म्हनलंय कुनाला? भाकरी गिळत न्हाई तरी न्हाई म्हनत न्हाई त्ये."

"मावशे, तू यात पडू नगंस."

"का पडू नको? ताटावर बोला म्हनून तुमीच म्हनता. ताटं माझीच हायेत."

हसू दाबायचा आवाज झाला. पैलवाननं तोंडातला घास संपवला आणि म्हणाला, "साहेब, ह्याला पाठवा. पन मंग मला बी पाठवा."

"तुला कोन मागतंय?"

"कुनी न्हाई. पन ह्यो पुढं हाय म्हनून मी गोलात उभा ऱ्हातो. डाव्या बाजूला मी बघतच न्हाई कधी. उद्या तिकडं बघावं लागलं तर मला न्हाई जमायचं. मी आपला ऊस उतरवीन."

पंगतीतला एक फॉरवर्ड, तो टेम्पोतून आलेल्या दोघांपैकी, म्हणाला की तसं नाही, सेंटर फॉरवर्ड आला तर नगरच्या स्पर्धेचा कप आपला. ते त्याचं खरंच होतं. मला त्याचा रागही आला नाही. सुभेदारसाहेबांनी सगळं ऐकलं. भाकरीला हात लावला नाही. टोपी घातली आणि उठून गेले.

पुढचे दोन-तीन दिवस मी ट्रंक भरायची की नाही अशा अवस्थेत काढले. कपडे घड्या करायचो, परत खुंटीला लावायचो. टेम्पोचा आवाज आला की दाभण बोटात घुसायचं.

मग गोदामकीपरांनी मला हाक मारली आणि सांगितलं की मी कायम झालो. त्या दुष्काळात, जेव्हा लोक कमी करायची भाषा चालू होती तेव्हा.

हे कसं झालं ते त्यांच्याकडूनच कळलं. गोदामातले एक म्हातारे कामगार निवृत्त झाले होते आणि त्यांची एकच कायम जागा रिकामी होती. तिच्यावर बऱ्याच जणांचा डोळा होता. सुभेदारसाहेब मोठ्या साहेबांकडे, म्हणजे कारखान्याच्या मॅनेजरांकडे गेले. मोठे साहेब आधीच म्हणून बसले होते की यंदा हॉकीसाठी मी तुमची एकच गोष्ट ऐकेन, दुसरी मागू नका. आणि ती गोष्ट सेंटर फॉरवर्ड असणार, त्याच्यासाठी खातं, खोली, सगळं द्यावं लागणार, हे गृहीतच धरलं होतं. सुभेदारसाहेबांनी उभ्या उभ्या सांगितलं, सेंटर फॉरवर्ड नको. लेफ्ट हाफला कायम करा. एकदा कायम झाला की त्याला कोनी मागनार न्हाई, आन मला कोनाला न्हाई म्हनावं लागनार न्हाई.

मी गेटवर गेलो. ते बाकावर बसून आत येणाऱ्या गाड्या बघत होते, त्या वर्षी तुरळकच येत होत्या. मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी खांदा धरून मला सरळ उभं केलं.

"साहेब, तुमचा सेंटर फॉरवर्ड..."

"माझा कुठला? त्यांचाच हाय." मग गाडीकडे बघतच म्हणाले, "मी काय उपकार केला न्हाई. तू गेलास की डावी बाजू उघडी पडत हुती. जा, पोती ऱ्हायली असतील."

मी गेलो. घरी पत्र टाकलं. मला सुंदर अक्षर नव्हतं, आणि 'कायम' हा शब्द मी एवढा मोठा काढला की ओळीत बसेना.

ते बोलले तसे बोलले. पण मला माहीत आहे आणि आज हे लिहिताना जास्तच कळतंय, की उपकार नाही म्हणून सांगणारी माणसंच बहुतेक वेळा उपकार करतात. एका माणसाची दोन वर्षांची इच्छा माझ्या नोकरीत गेली. मला ते फेडता आलं नाही, आणि त्यांनी कधी फेडायला लावलं नाही.

नगरला स्पर्धा झाली. कॅम्पातल्या मैदानावर, साध्या मातीवर. आमची गाठ पडली ती राहात्यावाल्यांशीच. त्या काटकुळ्या माणसाला आता खरं मैदान मिळालं होतं. मी जितकं धावता येईल तितकं धावलो, डावीकडून कोणाला जाऊ दिलं नाही, पण तो मधून आला. पैलवान पुढं झेपावला आणि बॉल त्याच्या गादीच्या पॅडाखालून गेला. त्यांचा एक गोल. आमच्याकडे पुढं गोल करणारा कोणी नव्हता, आमचा गोल शेवटपर्यंत झालाच नाही.

परत येताना साखरेच्या ट्रकमध्ये मागं बसलो होतो. उजेड अजून होता. मी वाट बघत होतो की कोणीतरी आता म्हणेल, ह्याच्या बदल्यात सेंटर फॉरवर्ड घेतला असता तर. त्या टेम्पोतून आलेल्या फॉरवर्डनं म्हटलं तरी चाललं असतं. त्यानं माझ्याकडे बघितलं, बंडीच्या खिशातून शेंगा काढल्या आणि अर्ध्या माझ्या हातावर ओतल्या. एवढंच. पैलवान फळीला टेकून गुडघा चोळत होता.

घाटाच्या अलीकडे ट्रक थांबला. ड्रायव्हरला चहा हवा होता. सुभेदारसाहेब केबिनमधून उतरून मागं आले. मी उभाच राहिलो. आता बोलणार, मला वाटलं.

"तुला सांगायचं राहिलं," ते म्हणाले. "कायम मानसाला चाळीत खोली मिळती. एक रिकामी झालीया. उद्या जाऊन बघ. खिडकी मोडकी हाय, न्हाई म्हनू नकोस."

"न्हाई म्हननार न्हाई साहेब," मी म्हटलं, आणि ट्रकमध्ये सगळे हसले, कारण मी ते त्यांच्या बोलीत म्हटलं होतं.

"खिडकी मी लावतो," पैलवान म्हणाला. "पन खोलीतलं पयलं जेवान माझं. आन भात नगं, आपली भाकरी."

मला भाकरी थापता येत नव्हती. त्या रविवारी मावशी परात आणि पीठ घेऊन खोलीवर आल्या, मला समोर बसवलं आणि म्हणाल्या, "हात धू. आता कायमचा इथं हायेस, शीक." पहिली भाकरी तव्यावर टाकताना फाटली. पैलवाननं ती उचलून खाल्ली.